लांडग्याचं वकीलपत्र

तुम्ही कधी लांडग्याची बाजू ऐकून घेतली आहे का? हसू नका. मीही हसलो होतो. ज्यांनी मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला त्यांच्या अंगात तेव्हा धोतरावर काळा कोट होता, पायांत चिखल होता आणि हातात ज्वारीच्या धाटाचा वीतभर तुकडा होता. त्या तुकड्यानं ते ओढ्याच्या वाळूतलं एक पाऊल मोजत होते.

ते माझे घरमालक. निजामी अंमलातली गोष्ट आहे. बेंबळीच्या बाजूच्या एका लहान गावात मी मास्तर म्हणून गेलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. पेटीत वर दोन धोतरं आणि खाली सोलापूरकडून आणलेली पत्रकं. जगातल्या प्रत्येक अन्यायावर माझ्याकडे दोन पानांचा उपाय तयार असायचा. राहायला खोली तेवढी नव्हती. ती अप्पांनी दिली. भाडं ठरवताना त्यांनी एकच अट घातली. "मास्तर, रोज सकाळी तासभर माझ्यासंगं शिवारात यायचं. मला दिसतंय कमी. साक्षीदार लागतो."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. आपलं नाव छापून आलेलं पाहायची त्यांना दांडगी हौस होती आणि ते असेपर्यंत मी ती पुरवली नाही. आता मागाहून पुरवली तर उशीर केल्याबद्दल ते मला वरून नोटीस धाडतील.

अप्पांनी तीस वर्षं तुळजापूरला कचेरीसमोरच्या लिंबाखाली बसून अर्ज लिहिले. ज्याला लिहिता येत नाही त्याची फिर्याद उर्दूत उतरवून द्यायची, हा त्यांचा धंदा. डोळे अधू झाल्यावर ते गावी शेतीवर परत आले, पण धंदा त्यांच्या अंगातून उतरला नाही. काळा कोट उतरला नाही, लाल फडक्यात बांधलेला कागदांचा बस्ता उतरला नाही आणि कचेरीची भाषाही उतरली नाही. सकाळी घरातून निघताना "शेताकडं जाऊन येतो" असं ते कधी म्हणाले नाहीत. "पेशी हाय," म्हणायचे, म्हणजे सुनावणी.

"कुणाची?" अक्का चुलीपुढून विचारायच्या. अक्का म्हणजे त्यांची बायको. मुरुमकडच्या माहेरच्या; रागावल्या की कानडीत शिरायच्या आणि खूष असल्या की मराठीत टोचायच्या.

"रानडुकराची."

"मग डुकराला म्हणावं, येताना कोथिंबीर घेऊन ये. तुम्हाला सांगून तर उपेग न्हाय."

अप्पांची पद्धत अशी होती. गावात कुणाच्या पिकात जनावर शिरलं, कुणाचं करडू गेलं, की तो माणूस मुद्दई, म्हणजे फिर्यादी. जनावर मुद्दालेह, म्हणजे ज्याच्यावर आरोप तो. फिर्यादीचं म्हणणं ऐकलं की अप्पा दुसऱ्या बाजूचं ऐकायला निघायचे. पाऊल कुठून आलं, कुठं थांबलं, काय खाल्लं, काय नुसतंच तुडवलं, हे ते बघायचे. मी वाचून दाखवायचो, ते लिहायचे. धाटाचे मोजलेले तुकडे चिंधीत बांधून कागदाला शिवून टाकायचे. एका बाजूचं ऐकून लिहिलेला अर्ज म्हणजे शिवी असते, असं त्यांचं मत होतं. तीस वर्षांत हजारो शिव्या लिहून पोट भरलं, आता उतारवयात तरी अर्ज लिहू द्या, म्हणायचे.

दुसरी गोष्ट, अप्पा सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत. पाटलाला तुम्ही, महारवाड्यातल्या धोंडिबाला तुम्ही, बैलाला तुम्ही, लांडग्याला तुम्ही. लहान पोरं सोडली तर आख्ख्या मुलखात 'तू' फक्त मला. "तुला नोकरीत कायम केलं की तुम्ही म्हणीन," म्हणायचे.

पाऊल वाचायला त्यांनीच मला शिकवलं. "हे बघ, कुत्रं गप्पा मारत चालतं. हिकडं हुंगतंय, तिकडं मुततंय. आन हे लांडगेसाहेब. कामावर निघाल्यागत सरळ." हरणांना ते वऱ्हाडी म्हणत, कारण ती घोळक्यानं येतात आणि जेवल्याशिवाय जात नाहीत. रानडुकराला जहागीरदार म्हणत. का, ते त्या काळी मोठ्यानं सांगायची सोय नव्हती.

हरणांवरूनच आमचं पहिलं भांडण झालं. हरभऱ्याच्या दिवसांत आमच्या माळावरून काळविटांचे कळप उतरायचे आणि गाव त्यांना हाकलायचं ते असं: प्रत्येकजण आपापल्या राखणीच्या माळ्यावर चढून आपापला डबा बडवायचा. कळप माझ्या रानातून तुझ्या रानात, तुझ्यातून तिसऱ्याच्या, आणि फिरून माझ्या. अप्पांनी एका सकाळी सगळ्यांच्या माळ्यांचा नकाशा काढला आणि पारावर ठेवला.

"तुम्ही राखण करत न्हाय," ते म्हणाले, "हरणांची कवायत घेता. चारी बाजूंनी डबे. त्यांनी जायचं कुठनं? माळाकडची बाजू उघडी सोडा. तिकडं कुणी वाजवायचं न्हाय. आन करडई शेताच्या मधी पेरता ती माळाच्या कडंला घ्या. पाच-सहा ओळी. काटा टोचला की वऱ्हाड दुसरं घर बघंल."

"अप्पा हरणाच्या नाकासाठी पीक घेणार," कुणीतरी म्हणालं, आणि पार हसला. पुढच्या वर्षी दोघांनी कडेला करडई घेतली. तिसऱ्या वर्षी सगळ्यांनी घेतली आणि ती कल्पना आपल्या आज्याचीच असल्याचं प्रत्येकानं मला स्वतंत्रपणे सांगितलं.

माझं भांडण वेगळं होतं. मला हरीण दिसलं की निजामी दिसायची. शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना नाही; अधिकारी मात्र थंडीत येणार, शिकार करणार, आणि त्यांच्यापुढं रान उठवायला गावानं वेठीला जायचं. मग गावानंच एक दिवस सगळा कळप काठ्यांनी का संपवू नये? मी तसं पत्रकच लिहिलं होतं. अप्पांनी ते डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत वाचलं.

"राग बरोबर हाय, मास्तर," ते म्हणाले. "पत्ता चुकलाय."

त्यानंतर मी आणखी एक पत्रक लिहिलं. ते सरळ राजवटीवर होतं आणि त्यात 'हे लांडग्यांचं राज्य उलथून टाका' अशी एक ओळ होती. मला ती फार आवडली होती. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दाराला एक कागद खोचलेला. नोटीस. मुद्दई लांडगा, राहणार माळ, पेशा शिकार, मुद्दालेह मास्तर. "मुद्दई भुकेपुरतं खातो. साठवून ठेवत नाही, वेठ घेत नाही, सारा वसूल करत नाही, दुसऱ्याच्या पोराला फौजेत धाडत नाही. सबब सदर ओळीनं मुद्दईची नाहक बदनामी झाली आहे. आठ दिवसांत मजकूर दुरुस्त करावा."

मी तावातावानं त्यांच्याकडे गेलो. "मग लांडग्याऐवजी कोणतं जनावर लिहू? साठवणारं, वेठ घेणारं?"

"माणूस लिही की," अप्पा सुपारी कातरत म्हणाले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती घडली नसती तर अप्पा माझ्या लेखी नुसतेच एक विक्षिप्त म्हातारे राहिले असते.

मी गावात येण्याच्या थोडं आधी महारवाड्यानं एक ठराव केला होता. यापुढं गावची मेलेली जनावरं ओढायची नाहीत, ते मांस खायचं नाही. ठराव धोंडिबानं मांडला होता. पन्नाशीचा, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. मला ही बातमी कळली तेव्हा मी आनंदानं धावत त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या ठरावाचं महत्त्व त्याला अर्धा तास समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "बरं झालं मास्तर, तुमी सांगितलं. आमी आपलं उगंच केलं व्हतं."

गावानं ठराव ऐकला आणि गप्प बसलं. पण जनावरं काही मरायची थांबली नाहीत. पूर्वी मेलेला बैल टेकाडापलीकडं, कोसभर लांब, माळावर नेऊन टाकला जायचा. तिथं गिधाडं उतरत, तरस येई, लांडगे येत, आणि गावाला त्याचं काही वाटत नसे. आता ओढायची पाळी मालकावर आली. मालकाला ते काम करताना कुणी पाहावं याची लाज. मग काय करायचं? पहाटे अंधुकशा उजेडात घाईघाईनं दोर लावायचा आणि जिथवर ओढवेल तिथवर ओढून सोडून द्यायचं. ते 'तिथवर' म्हणजे गावाखालचा ओढा. शेवटच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. शेवटची घरं कुणाची, हे सांगायला नको. त्यांचा पिण्याच्या पाण्याचा झराही त्याच ओढ्यात.

वर्षभरात लांडगे ओढ्याला सरावले. मग संध्याकाळी ओढ्यातून परतणारी शेळी-करडं जायला लागली. एका महिन्यात पाच-सहा गेली. एकदा तर भर दिवसा पाटलाच्या खळ्याशी लांडगा दिसला. बायका पोरांना दाराबाहेर सोडीनात. आणि गावानं आपला निष्कर्ष काढला: ही पीडा महारवाड्यानं आणली. त्यांनी काम सोडलं म्हणून लांडगं आलं.

पाटलांनी चावडीवर धोंडिबाला बोलावून मुदत दिली. पुढच्या बाजारच्या दिवसापर्यंत दोर पुन्हा खांद्यावर घ्यायचा. नाही घेतला तर खळ्यावरचं धान्य बंद, कुणाच्याही शेतात काम बंद, गावाच्या माळावर शेरडू चारायचं नाही. बाजाराला आठ दिवस होते.

संध्याकाळी धोंडिबा आमच्या ओट्याशी येऊन उभा राहिला. अप्पांनी त्याला वर बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"अप्पा, आमी हात धुतले त्याला वरीस झालं," तो म्हणाला. "पोरं साळंत जायला लागली. आता ह्यो हात पुन्हा त्यात घातला तर माझाच न्हाय, पोरांचा बी जातोय. पन काम बंद झाल्यावर खायाचं काय? वस्तीत दोन मतं पडायला लागल्यात."

मी उभा राहिलो आणि बोलायला लागलो. काय बोललो ते आठवत नाही. त्यात 'रक्ताचा शेवटचा थेंब' होता एवढं आठवतं. अप्पांनी मला हातानं खाली बसवलं.

"धोंडिबा, लांडग्यानं पहिली शेळी कुणाची नेली?"

"माझीच की. आखाडात."

"गावात कुणाला सांगितलं?"

"सांगितलं की. पाटील म्हनले, ओढ्याकडं राहता तर असं व्हायचंच."

अप्पांनी बस्ता सोडला. "मास्तर, उद्या पेशी हाय. लांडग्याचं वकीलपत्र मी घेतो."

पुढचे तीन दिवस आम्ही ओढ्यात होतो. मी नाकाला उपरणं बांधून, अप्पा तसेच. बरगड्या, खुर, कवट्या. अप्पा प्रत्येक शिंगाशी थांबायचे. आमच्याकडं पोळ्याला बैलांबरोबर गाई-म्हशींचीही शिंगं रंगवतात आणि ज्याच्या त्याच्या घरचा रंग ठरलेला. ऊन-पावसानं रंग उडतो, पण बुडाशी राहतो. "सही हाय ही," अप्पा म्हणायचे. "मेलेल्यानं केलेली. खोटी म्हणता यायची न्हाय."

निळा रंग वाण्याचा. पिवळा-हिरवा कुलकर्ण्यांचा. हिंगुळी तांबडा, वर पांढरी रेघ: पाटलांचा. एकूण सात जनावरं, आणि त्यांच्यापासून निघून झाडीकडं गेलेल्या लांडग्यांच्या पावलांची सरळ ओळ. धाटाचे तुकडे बांधता बांधता माझ्या बोटांना दोरा काचला.

बाजाराला चार दिवस राहिले असताना चावडीपुढं गाव जमलं. अप्पा काळ्या कोटात, काखेत बस्ता. त्यांनी परवानगी मागितली आणि लांडग्याचा जबाब वाचायला सुरुवात केली.

"मी लांडगा, वल्द लांडगा, राहणार टेकाडापलीकडं. शपथेवर सांगतो की माझं जेवण पिढ्यान्‌पिढ्या माळावर होत आलं. गेल्या वर्षी ते बंद झालं. मी चौकशी केली तेव्हा कळलं की माझं ताट गावाजवळ मांडलेलं आहे. मी बोलावल्याशिवाय आलो नाही. पहिलं ताट वाण्यांनी वाढलं, म्हैस. दुसरं कुलकर्ण्यांनी, गाय. तिसरं पाटलांनी, बैल, शिंगं तांबडी..."

गाव हसायला लागलं. वाणी हसता हसता थांबला, कारण त्याला आपलं नाव ऐकू आलं होतं. अप्पा पुढं वाचत राहिले. "रोज वाढणाऱ्याच्या घरची शेळी वाटेत भेटली, तर ती बी ताटातलीच समजून खाल्ली, ही माझी चूक झाली. त्याबद्दल सजा मान्य आहे. पण ज्यांच्या झऱ्याशी तुम्ही ताटं मांडलीत आणि ज्यांची शेळी मी पहिली नेली, त्यांना या खटल्यात आरोपी का केलं, हे मला जनावराला कळत नाही. अर्ज एवढाच, की माझं ताट होतं तिथं परत न्यावं, आणि ज्याचं जनावर त्यानं न्यावं."

कुणी हसेना. पाटील वाईट माणूस नव्हते. पण चारचौघांत आपल्या बैलाचं शिंग बाहेर निघाल्यावर कुणाला बरं वाटेल?

"अप्पा, कागद झकास हाय," ते म्हणाले. "पन मेल्या जनावराला कागद ओढत न्हाय. मुदत हाय तीच हाय. तुमचं जनावर मरंल तवा बघू तुमची वकिली."

अप्पांचा डाव्या खांद्याचा बैल, ज्याला ते कचेरीतल्या कारकुनावरून पेशकार म्हणत, दोन दिवसांनी गेला. म्हातारा झालेलाच होता. सकाळी गोठ्यात बघितलं तर मान टाकलेली. बाजार दोन दिवसांवर.

बातमी गावभर झाली. लोक कामं सोडून आमच्या दारापुढं येऊन उभे राहिले; मदतीला नाही, बघायला. अक्कांनी पेशकाराच्या कपाळाला विभूती लावली, गळ्यातली घंटा सोडली, आणि त्या बाजूला झाल्या. अप्पांनी दोर आणला. मागच्या पायांना बांधला, आणि पासष्टीचा तो काटकुळा माणूस काळ्या कोटासकट पुढं वाकून ओढायला लागला.

पेशकार बोटभर हलला नाही.

अप्पांनी पुन्हा ओढलं. कुणीतरी खुदकन हसलं. मी कुठं होतो म्हणता? मी दाराच्या चौकटीत होतो. वर्षभर ज्या विषयावर मी बोललो होतो तो विषय समोर पडला होता, आणि माझे हात पाठीमागं एकमेकांना धरून होते. हा हात घाणीत घालायचा कसा? पत्रकात त्याबद्दल काही नव्हतं.

गर्दीच्या मागून धोंडिबा पुढं आला. त्याच्याबरोबर वस्तीतले चार तरणे होते. "अप्पा, तुमी सोडा. तुमच्यासाठी आमी धरू. कुणी सांगितलं म्हनून न्हाय, तुमच्यासाठी."

पाटलाचा माणूस कोपऱ्यावर उभा होता. त्यानं मान उंच केली. धोंडिबानं दोराला हात लावला असता तर संध्याकाळपर्यंत मुदतीची गरजच उरली नसती.

अप्पांनी दोर दोन्ही हातांनी छातीशी धरला. धापा टाकत म्हणाले, "न्हाय, धोंडिबा. तुमचे उपकार हायती. पन तुम्ही हात लावला की माझा खटला हरला. आन माझा हरला तर चालंल, तुमचा न्हाय हरायचा."

मग अक्का पुढं झाल्या. पदर खोचला, दोराचं टोक धरलं आणि सगळ्या गर्दीकडं पाठ करून नवऱ्याला म्हणाल्या, "वकीलसाहेब, बोलणं लई झालं. ओढा आता." नंतर माझ्याकडं न बघताच, "मास्तर, पोळ्याला ह्याच्या पाया पडला व्हता न्हवं? मग आता काय झालं?"

मी खाली उतरलो. दोर ओलसर होता. त्याहून अधिक काही घडलं नाही. हात गळून पडले नाहीत, जात बुडाली नाही. तिघांनी ओढलं तर पेशकार हातभर सरकला. बाईमाणसानं दोर धरलेला बघून गर्दीतले एकदोन चेहरे खाली गेले. पहिल्यांदा आला तो, ज्यानं पारावर हरणाच्या नाकावरून थट्टा केली होती तो. "सरका, सरका, बैल हाय का खेळ," असं पुटपुटत तो अक्कांच्या जागी उभा राहिला. मग त्याचा भाऊ. मग वाणी, दोन बोटांनी का होईना. शेवटी आठ-नऊ जण झाले.

तरी आम्हाला ते काम येत नव्हतं. दोर अंगात रुतायचा, बैल वळणावर अडकायचा. धोंडिबा बाजूनं चालत होता, हात पाठीमागं बांधलेले. न राहवून म्हणाला, "असं न्हवं. खाली बाभळीच्या फांद्या घाला. दोर कंबरंला घ्या. आता डावीकडं... मागचा, ढिला सोड." आणि सगळे मुकाट्यानं तसं करत होते. त्या सकाळी सगळं गाव त्याच्या हुकमावर चाललं. टेकाडाच्या चढणीला वाण्यानं त्याला कळवळून विचारलं, "धोंडिबा, किती ऱ्हायलं हो?" हा 'हो' त्या गावात धोंडिबाला अप्पांशिवाय पहिल्यांदाच कुणी लावला असेल.

त्याआधी चावडीपुढची वाट होती. तिथं लिंबाच्या सावलीत पाटील बाजेवर बसले होते आणि बाज निम्मी वाटेत होती. अप्पांनी मिरवणूक थांबवली. मागच्यांनी शिव्या हासडल्या, कारण थांबलेला बैल पुन्हा हलवणं म्हणजे काय ते ओढणाऱ्यालाच कळतं. अप्पांनी कोटाची बटणं लावली, रामराम केला आणि उभे राहिले. पाटलांनी बैलाकडं पाहिलं, दोराला लागलेल्या माणसांकडं पाहिलं. मग उठले आणि आपल्या हातानं बाज बाजूला ओढली.

अप्पांनी मला खूण केली. "लिही मास्तर. पाटील यांनी वाट दिली."

"हात भरलेत माझे, अप्पा."

"मग ध्यानात ठेव."

बाजाराचा दिवस आला आणि गेला. धोंडिबाच्या दारात कुणी गेलं नाही. मुदत उठवली असंही कुणी म्हटलं नाही. आमच्याकडं चुकीच्या गोष्टी अशाच उठतात, कुणी न उठवता. पुढच्या महिन्यात वाण्याचं वासरू मेलं, ते त्यानं दोन भावांना घेऊन टेकाडापलीकडं नेलं आणि येताना भेटेल त्याला सांगत आला. ओढा साफ करायला दोन दिवस लागले. पाटलांनी गडी दिले, स्वतः आले नाहीत. शेळ्या जायच्या हळूहळू थांबल्या. सगळ्या थांबल्या असं मी म्हणणार नाही. माळावर एखादं कोकरू जायचं. "हजेरी लावतात बिचारे," अप्पा म्हणायचे, आणि मेंढक्याला मेंढरांभोवतीची जाळी उंच लावायला सांगायचे.

धोंडिबाचा मोठा मुलगा पुढं तीन वर्षांनी चौथी पास झाला. अप्पांनी त्याला बोरू बक्षीस दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला 'तुम्ही' म्हणायला लागले. मी अजून 'तू'च होतो.

निजामी गेलेली पाहायला अप्पा राहिले नाहीत. ते असते तर नव्या राजवटीला पहिली नोटीस त्यांचीच गेली असती. आता बंदुका सहज मिळतात. मोटारी घेऊन लोक माळावर येतात आणि काळवीट मारून नेतात, आणि त्याला शिकार म्हणण्याइतकीही त्यात मेहनत नसते. त्यांचं काय करायचं ते मी वेगळं लिहिणार आहे. पण आज लिहायला बसलो ते दुसऱ्या कारणानं. गेल्या आठवड्यात धोंडिबा भेटला. त्याच्या पाहुण्यांच्या गावात लांडगा माजला आहे, आणि गावानं वस्तीला तीच मुदत दिली आहे. त्या गावात निजामी नाही. लांडग्याचा जबाब लिहून देणारंही कुणी नाही.

म्हणून वाचकहो, तुम्हाला एक काम सांगतो. येत्या रविवारी आपल्या गावच्या शेवटच्या घरापासून निघा आणि मेलेली जनावरं टाकतात तिथपर्यंत चालत जा. पाय मोजा. वाटेत कुणाचा झरा लागतो, कुणाची पोरं खेळतात, ते बघा. जागा जवळ असेल तर चार माणसं गोळा करून दूरची जागा ठरवा. आणि तुमच्या गोठ्यातलं पुढचं जनावर मेलं, की दोर घेऊन दुसऱ्या कुणाच्याही दारात जाऊ नका. तो आपल्या कंबरेला बांधा आणि ओढा. पहिल्यांदा ते हलणार नाही. तरी सोडू नका.